गळका कार्बोरेटर : एका वाटीचा इतिहास

श्रोतेहो, सकाळी पडवीत यावे तर मोटारसायकलखाली जमीन ओली आणि घरभर पेट्रोलचा वास, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींच्या गाडीचे असेच झाले. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "कार्बोरेटर गेला, नवा घाला." गुरुजींनी घाई केली नाही. वाटी उघडून पाहिली, तर दोष निघाला मोहरीहून लहान अशा एका कचऱ्याच्या कणाचा! एवढासा कण एवढे पेट्रोल कसा सांडवतो? हे समजायचे तर थोडे मागे जायला हवे.

1885 साली जर्मनीत कानस्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीला इंजिन बसवले. आता पेट्रोल जळते खरे, पण इंजिनात ते पातळ असताना नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. त्या काळी यासाठी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत. वाऱ्याने ओले धोतर वाळते, तशी हवा पेट्रोलची वाफ उचलून नेई. पण पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जाई, जड भाग मागे राही. थंडीत तर वाफच धरत नसे.

मग उजाडले 1893 साल. बुडापेस्ट शहरात दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी नवी युक्ती काढली. असे सांगतात, की रस्त्यावरची एक फूलवाली बारीक नळीतून फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून त्यांना ती सुचली. गोष्ट खरी असो वा नसो, युक्ती मात्र पक्की होती. त्याच साली मायबाखनेही फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला.

शिक्षकमित्रांनो, हा प्रयोग वर्गात करता येईल. पेल्यातल्या पाण्यात एक नळी उभी धरा आणि तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात आडवी फुंकर मारा. पाणी वर चढून त्याचा फवारा उडेल. कार्बोरेटरात इंजिन हवा ओढते. ती अरुंद गळ्यातून जाताना वेगाने धावते, तिथला दाब कमी होतो आणि 'जेट' नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर येते.

पण इथेच खरी मेख आहे. जेटच्या वाटेने पेट्रोल ओढले जावे, आपोआप वाहू नये, म्हणून वाटीतली त्याची पातळी त्या तोंडाच्या जरा खालीच राहायला हवी. पातळी फार उतरली तर इंजिन उपाशी, चढली तर पूर! ती सांभाळायला वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि एका टोकदार सुईने येणारी वाट बंद करतो. त्या सुईखाली कण अडकला की वाट पुरती मिटत नाही, आणि टाकीतले पेट्रोल रात्रभर उतरत राहते. गुरुजींच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

गंमत पाहा, जुन्या बुलेटला थंडीत सुरू करताना एक लहान बटण दाबून फ्लोट मुद्दाम खाली ढकलत आणि पेट्रोल जरा ओसंडू देत. तोच पूर एका वेळी उपाय, दुसऱ्या वेळी रोग!

तेव्हा गळती दिसली की आधी विडी, दिवा, चूल दूर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत पोहोचते. मग कॉक बंद करा, इंजिन थंड होऊ द्या आणि कार्बोरेटर पुसून पाहा, की थेंब येतो कोठून. वरच्या रबरी नळीतून आला तर नळी किंवा तिची पकड सैल. वाटीच्या सांध्यातून आला तर पॅकिंग खराब. ओव्हरफ्लोच्या नळीतून आला, तर दोष सुईचा, तिच्या बैठकीचा वा फ्लोटचा. वाटी काढून साफ करा. सुईच्या टोकावर घासल्याची कड दिसली तर सुई बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ वाजले तर त्याला भोक पडले आहे. आणि इंजिनाचे ऑइल पाहायला विसरू नका. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलने इंजिन झिजते.

2020 साली प्रदूषणाचे नियम कडक झाल्यापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या विजेच्या यंत्रणेने घेतली. जुन्या गाड्या मात्र गावोगाव धावतातच. 2023 पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोलही विकले जाऊ लागले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसातून येते. पण जुन्या गाडीचे काही रबरी भाग त्याने फुगतात वा कडक होतात. म्हणून पॅकिंग आणि नळ्या वेळोवेळी पाहाव्यात.

मंडळी, 1893 साली जो प्रश्न होता, तोच आजही आपल्या पडवीत आहे : पेट्रोलची पातळी राखायची कशी? प्रश्न समजला, की नव्या कार्बोरेटरचे पैसे मोजण्याआधी माणूस वाटी उघडून पाहतो. गुरुजींनी तेच केले.