एक लाख डॉलरचे पाहुणे

आमच्या सोसायटीतले एक काका-काकू. दोघंही निवृत्त, दोघांनाही पेन्शन. मुलगी-जावई टोरोंटोजवळ असतात. गेल्या वर्षी नात झाली, म्हणून लांब मुदतीसाठी जायचं ठरलं. एजंटने कागदांची यादी हातात ठेवली: मुलीचं निमंत्रणपत्र, त्यांच्या उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय तपासणी. आणि प्रत्येकी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान 1 वर्षाचा आरोग्य विमा. हप्त्याचा आकडा ऐकून काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा इथे मेडिक्लेम आहे, तो चालत नाही म्हणे. आणि तिकडे तर दवाखाना फुकट असतो ना? मग हे कशाला? आम्ही काय लेकीकडे पाहुणे म्हणून चाललोय?"

काका वैतागून बोलले, पण प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला. कायद्याच्या भाषेत उत्तर आहे, हो, पाहुणेच. आई-बापांना पाहुणं ठरवणाऱ्या या नियमाला मोठा इतिहास आहे. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

आधी तो "फुकट दवाखाना" बघू. कॅनडात सार्वजनिक आरोग्यसेवेचा जनक म्हणून टॉमी डग्लस यांचं नाव घेतात. ते स्वतः स्थलांतरित, जन्म 1904 चा, स्कॉटलंडमधला. लहानपणी पायाच्या हाडाला संसर्ग झाला. घरची गरिबी, त्यामुळे पाय कापायची वेळ आली होती. विनिपेगमधल्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी म्हणून मोफत शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. लेकराचा पाय वाचणं नशिबावर अवलंबून असू नये, ही गोष्ट डग्लस आयुष्यभर सांगत राहिले. पुढे ते सस्कॅचवान प्रांताचे पंतप्रधान झाले आणि 1947 मध्ये त्यांनी प्रांतातल्या लोकांसाठी सरकारी रुग्णालय विमा आणला. 1 जुलै 1962 ला तिथेच डॉक्टरांच्या फीसकट सगळ्याचा विमा सुरू झाला. तोवर डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते, प्रांत वुड्रो लॉईड यांच्या हातात होता. डॉक्टरांनी 23 दिवस संप केला, पण योजना टिकली. 1966 मध्ये केंद्राने कायदा केला आणि 1972 पर्यंत सगळे प्रांत त्यात आले.

1984 मध्ये 'कॅनडा हेल्थ ॲक्ट' आला. हा कायदा म्हणतो की सेवा सगळ्यांना, एकाच अटींवर. पण सगळ्यांना म्हणजे कोणाला? तर प्रांतातल्या रहिवाशांना. आणि रहिवासी म्हणजे कोण, हे सांगताना व्याख्येतच म्हटलंय की पर्यटक, तात्पुरता आलेला आणि भेटीला आलेला माणूस यात धरायचा नाही.

यात गैर काही नाही. करातून चालणाऱ्या सेवेला कुठेतरी कुंपण लागतंच. 1984 मध्ये या ओळीने फार कोणाचं अडतही नव्हतं, कारण आई-वडिलांसाठी दुसरा दरवाजा उघडा होता. 1976 च्या स्थलांतर कायद्याने 'कुटुंब वर्ग' ठरवून दिला होता. मुलगा किंवा मुलगी तिथे स्थिरावली की आई-वडिलांना कायमचं बोलावून घेता यायचं. आरोग्यसेवेवर फार भार पडेल असा आजार असेल तर नकार मिळायचा, पण एकदा आत घेतलं की ते रहिवासी. सुरुवातीचे काही आठवडे सोडले, तर शेजारच्या गोऱ्या आजीसारखंच आरोग्य कार्ड त्यांच्याही हातात.

मग अर्ज साचत गेले. सरकार दरवर्षी जितक्यांना घ्यायचं त्याहून कितीतरी जास्त अर्ज यायचे. 2011 पर्यंत रांगेत दीड लाखाहून जास्त माणसं झाली. अर्ज करून कित्येक वर्षं वाट बघायची, आणि वाट बघणारा सत्तरीतला! 5 नोव्हेंबर 2011 ला तेव्हाचे स्थलांतर मंत्री जेसन केनी यांनी नवे अर्ज घेणं 2 वर्षांसाठी थांबवलं. आणि महिन्याच्या आत, 1 डिसेंबरला, नवी चीज आली: 'सुपर व्हिसा'.

नाव भारी, आणि सोयही खरीच भारी. 10 वर्षांपर्यंतचा व्हिसा, एका वेळी 2 वर्षं राहता येणार. साध्या व्हिसावर सहसा 6 महिन्यांत परत फिरावं लागतं. अट मात्र अशी की कॅनडातल्या विमा कंपनीचं किमान 1 लाख डॉलरचं कव्हर, त्यात उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च. पॉलिसी प्रवेशाच्या दिवसापासून किमान 1 वर्षाची हवी.

या दोन घोषणा एकत्र वाचल्या की खेळ कळतो. कायमच्या प्रवेशाचा दरवाजा लोटला आणि शेजारची खिडकी उघडली. आई-बाप येऊ शकतात, वर्षानुवर्षं राहू शकतात, पण म्हातारपणाचा खर्च सरकारच्या वहीत मांडला जाणार नाही. तो मुलांच्या वहीत. 1984 च्या व्याख्येतला तो 'भेटीला आलेला' माणूस आता दोन-दोन वर्षं त्याच घरात राहतोय, नातवंडाला बालवाडीत सोडतोय, बर्फ उपसतोय, पण कागदावर पाहुणाच.

सरकारची बाजूही ऐकू या. उतारवयात आलेला माणूस कर भरतो थोडी वर्षं आणि दवाखाना लागतो जास्त. हिशेब चूक नाही. पण अर्धा आहे. त्याच घरातली मुलगी आणि जावई दर महिन्याला कर भरतात, आणि आजी नात सांभाळते म्हणूनच मुलगी कामावर जाऊ शकते. आजीच्या या कामाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

2014 च्या सुरुवातीला कायमचा दरवाजा पुन्हा किलकिला झाला, पण वर्षाला फक्त 5,000 अर्ज. तो कोटा महिनाभरात संपला. मुलांनी आई-वडिलांचा भार उचलण्याच्या हमीची मुदत 10 वरून 20 वर्षं झाली. 2017 मध्ये चक्क सोडत सुरू झाली. 2019 मध्ये ऑनलाइन फॉर्म उघडले आणि काही मिनिटांत बंद झाले. 2020 मध्ये ज्यांनी नावं दिली, त्याच यादीतून पुढची कित्येक वर्षं निवड होत राहिली. दरम्यान खिडकी मात्र रुंद होत गेली. जुलै 2022 पासून सुपर व्हिसावर एका वेळी 5 वर्षं राहता येतं. जानेवारी 2025 पासून कॅनडाबाहेरच्या कंपनीची पॉलिसीही चालते, पण त्या कंपनीला कॅनडाच्या नियामकाची मंजुरी हवी. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या विमा एजंटने "चालेल हो" म्हटलं म्हणून ती चालत नाही.

आपल्याकडे म्हणतात, पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो. इथे पाहुणा 5 वर्षं राहिला तरी पाहुणाच. मुक्काम वाढला, नातं बदललं नाही.

आता आपल्या कामाचं. हा विमा व्हिसासाठी काढतात, म्हणून बरेच जण तो कागद समजून काढतात: सगळ्यात स्वस्त कुठला, तो द्या. फसगत तिथेच होते. आपल्या साठी-सत्तरीतल्या बहुतेकांना बीपी किंवा साखर असतेच. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराला एकतर कव्हर नसतं, किंवा तो आजार ठरावीक काळ, बहुधा 90 किंवा 180 दिवस, 'स्थिर' असेल तरच असतं. स्थिर म्हणजे नुसतं बरं वाटणं नाही. त्या काळात गोळी बदलली, डोस वाढवला, काही ठिकाणी कमी केला, तरी आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. आपले डॉक्टर निघायच्या आधी प्रेमाने म्हणतात, "लांब चाललाय, डोस जरा वाढवून देतो." त्या एका चिठ्ठीवर पुढे दावा अडू शकतो. म्हणून डोस बदलायचा असेल तर तो प्रवासाच्या बऱ्याच आधी, डॉक्टरांना ही अट सांगून. गरज असेल तर बदल टाळू नका, पण विमा कंपनीला कळवा. आणि फॉर्ममध्ये आजार लपवू नका. "सांगितलं तर हप्ता वाढेल" म्हणून लपवलेली साखर रुग्णालयाच्या बिलावर बाहेर येते.

आणखी दोन गोष्टी. नुसतं कोटेशन व्हिसासाठी चालत नाही, पैसे भरलेली पॉलिसी लागते. हप्त्यांची सोय असेल तर निदान पहिली रक्कम भरलेली हवी. म्हणून व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील का, हे आधी लेखी घ्या. आणि पहिलं वर्ष संपल्यावर मुक्काम पुढे चालू असेल तर पॉलिसी वाढवायला विसरू नका. मुलांच्या कामाच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते.

काका-काकूंनी शेवटी पॉलिसी काढली. आजार सगळे लिहिले, हप्ता वाढला, जावयाने भरला. निघायच्या आदल्या दिवशी काका भेटले तेव्हा हसत म्हणाले, "जावयाला म्हटलं, एवढा महागडा पाहुणा तुमच्या घरी आजवर आला नसेल."

हसले खरे, पण काकू हसल्या नाहीत. त्या बॅगेत नातीची दुपटी ठेवत होत्या.

(घरातलं कोणी या व्हिसावर जाऊन आलं असेल तर विम्याचा अनुभव खाली जरूर लिहा. दावा मंजूर झाला असेल तर तोही. पुढच्या कोणाच्या तरी आई-वडिलांना उपयोगी पडेल.)