परभणीचा कापूस आणि चीनचं गोदाम

परभणी आणि चीन यांचं नातं काय, असं कुणी विचारलं तर आपल्यातले बहुतेक जण खिशातला मोबाईल काढून दाखवतील. फोन तिकडचा, चार्जर तिकडचा, कानातले इअरफोनही तिकडचेच. उत्तर चुकीचं नाही. पण हे नातं फोनपेक्षा खूप जुनं आहे आणि ते आपल्या काळ्या रानातून जातं. आज मी कापसाबद्दल बोलणार आहे.

मानवत, सेलू किंवा परभणीच्या यार्डात भाव पडला की आपण व्यापाऱ्याला बोल लावतो, सीसीआयला लावतो, सरकारला लावतो. त्यात काही खोटं नाही. पण त्या भावाचा एक धागा फार लांब जातो. तो धरून आपण आज थोडं मागं जाऊ आणि मग पुढं येऊ.

सुरुवात मुंबईपासून. अठराव्या शतकाच्या शेवटाला इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि चीनला इंग्रजांचा माल फारसा नको होता. मग चहाची किंमत चुकवायला भारतातून कापूस आणि पुढं अफू कँटनला जाऊ लागली. मुंबईतलं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्यांच्या नावानं आहे, त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातून उभी राहिली. कापूस आणि अफू, दोन्ही.

त्यानंतर मुंबईत गिरण्या आल्या. पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक कोण होतं? चीन. मुंबईत कातलेल्या सुताचा मोठा हिस्सा जहाजानं चीनला जायचा आणि तिथले विणकर हातमागावर त्याचं कापड विणायचे.

पण जपान हे सगळं बघत होता. १८८३ मध्ये ओसाकात मोठी गिरणी सुरू झाली. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांनी एका जपानी कंपनीबरोबर मुंबई ते कोबे जहाजं सुरू केली, आणि आपला कच्चा कापूस कमी भाड्यात जपानला पोचू लागला. १८९५ मध्ये जपाननं चीनला युद्धात हरवलं आणि तहात चीनच्या बंदरांत कारखाने काढायचा हक्क मिळवला. पुढच्या पंचवीस वर्षांत चीनचा सुताचा बाजार मुंबईच्या हातून जवळजवळ गेला. म्हणजे बघा, कापूस आपला, नेसणारा चिनी, पण मधला कताईचा नफा जपानचा.

याच सुमारास, १९०० च्या आसपास, निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली. औरंगाबाद, जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. आपला गावरानी कापूस या लाईनवरून मनमाडला जायचा आणि तिथं मोठ्या गाडीत भरून मुंबईला. जगाच्या बाजाराला आपण जोडले गेलो ते असे, कच्चा माल पुरवणारे म्हणून.

ही रेल्वेलाईन डोक्यात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच स्टेशनांवर घडते.

आता एकदम शंभर वर्षं पुढं येऊ. १९९० च्या सुरुवातीला चीनच्या कापसावर बोंडअळीनं कहर केला होता. फवारण्या करूनही अळी मरेना. तेव्हा अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीकडं बीटी जनुक तयार होतं. चीननं तो कापूस १९९७ मध्ये आपल्या शेतात येऊ दिला. पण त्याचबरोबर चिनी कृषी विज्ञान अकादमीच्या सरकारी प्रयोगशाळेत स्वतःचं बीटी जनुक तयार करून घेतलं. काही वर्षांतच चीनच्या रानात अमेरिकन जनुक मागं पडलं आणि घरचं पुढं गेलं.

आपल्याकडं काय झालं? मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक मोन्सँटोचं आणि भागीदार जालन्याची महिको. सुरुवातीला ४५० ग्रॅमची बियाण्याची बॅग साधारण १६०० ते १८०० रुपयांना होती, आणि त्यातली मोठी रक्कम जनुकाचं भाडं म्हणून जायची. आंध्र प्रदेश सरकार याविरोधात लढलं, तेव्हा कुठं २००६ मध्ये बॅग ७५० रुपयांवर आली.

त्याच २००६ मध्ये आणखी एका बीटी जनुकाला परवानगी मिळाली. ते आणलं होतं औरंगाबादच्या नाथ सीड्सनं, आणि ते होतं चिनी अकादमीचं. म्हणजे एकाच रेल्वेलाईनवर जालन्याला अमेरिकेचं जनुक आणि औरंगाबादला चीनचं. दोन महासत्तांच्या प्रयोगशाळा आपल्या मराठवाड्यात आमनेसामने होत्या, आणि आपण कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभे होतो. त्या स्पर्धेत चिनी जनुकाला फार जागा मिळाली नाही. अमेरिकन जनुकानं जवळजवळ सगळा बाजार व्यापला.

मग आपलं स्वतःचं काय? मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती ही गोष्ट. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं १९८४ मध्ये एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला होता. आपल्या घरातली जुनी माणसं त्याला 'नांदेड-४४' म्हणतात आणि अजून त्याचं नाव काढतात. कोरडवाहू रानात टिकणारा वाण. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांच्या सरकारी प्रयत्नातून बीटी 'बिकानेरी नरमा' आणि बीटी नांदेड-४४ तयार झाले. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत पोचले. पण त्या बियाण्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळला आणि त्याच वर्षी सगळं मागं घ्यावं लागलं. पुढं महाबीजच्या मदतीनं नांदेड-४४ बीटी रूपात परत आलं, पण मधली वर्षं गेली. दोन्ही देशांत अळी तीच होती. फरक इतकाच की चीननं सरकारी प्रयोगशाळेतलं काम शेवटाला नेलं, आणि आपलं मधेच अडकलं.

आता भावाकडं येऊ. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जगाचे कपडे शिवू लागला. त्याच्या गिरण्यांना कापूस पुरेना. २०११ पासून चीन सरकारनं वरच्या भावानं कापूस घेऊन गोदामं भरायला सुरुवात केली. तिथल्या गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडू लागला, आणि आपल्या गाठी धडाधड चीनला निघाल्या. ५ मार्च २०१२ ला केंद्रानं अचानक निर्यातबंदी केली. कारण निर्यात अंदाजाच्या पुढं गेली होती आणि तिचा मोठा भाग चीनला चालला होता. कृषिमंत्री शरद पवारांनी त्याला उघड विरोध केला आणि बंदी आठवडाभरात मागं घेतली गेली.

पण २०१४ मध्ये चीननंच धोरण बदललं. तोवर त्याच्या गोदामात एक कोटी टनांहून जास्त कापूस होता, म्हणजे आपल्या देशाच्या दीड वर्षाच्या पिकाहून अधिक. गोदाम भरलं, खरेदी आटली. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता, रानात बोंडं कमी होती. पीक कमी तर भाव जास्त, हा आपला बापजाद्यांपासूनचा हिशोब. त्या वर्षी तो लागू पडला नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,०५० रुपये, आणि बाजार त्याच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याच्याही खाली घुटमळत राहिला. ज्याच्या घरी त्या साली लग्न होतं किंवा लेकराची फी भरायची होती, त्याला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही.

इथं चीनची नुसती वाहवा करून थांबता येणार नाही. चीनचा बहुतेक कापूस आता शिनजियांग प्रांतात होतो. ठिबकवर, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, आणि वेचणी यंत्रानं. हेक्टरी रुई आपल्या चौपटीहून जास्त. पण त्याच प्रांतात उइघुर मुसलमानांना छावण्यांत डांबल्याचे आणि सक्तीनं राबवल्याचे गंभीर आरोप आहेत. चीन सरकार ते नाकारतं. शिनजियांगचा माल अडवणारा कायदा अमेरिकेनं डिसेंबर २०२१ मध्ये केला आणि जून २०२२ पासून तो लागू झाला; तिथल्या कापसाचा मालही त्यात आला. माणुसकीचा प्रश्न आणि महासत्तांचं राजकारण तिथं एकमेकांत असं मिसळलंय की वेगळं करणं अवघड.

आणि यात आपला फायदा होईल म्हणावं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्याच मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आपल्या कापड उद्योगाला सावरायला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. नेमकी आपली वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर बाहेरच्या कापसाला दार उघडलं. भांडण वॉशिंग्टन आणि दिल्लीचं, धाकधूक मानवतच्या यार्डात.

मला या सगळ्यातून दिसतं ते एवढंच. ज्याच्या हातात कताई होती, तो पहिल्यांदा जिंकला. मग ज्याच्या हातात जनुक होतं तो, आणि मग ज्याच्या हातात गोदाम होतं तो. नुसता कापूस ज्याच्या हातात होता, तो प्रत्येक वेळी भावाची वाट बघत बसला. दोन महासत्तांपैकी कोण चांगलं, यावर व्हॉट्सॲपवर रोज भांडणं होतात. आपण त्याऐवजी विचारू या की परभणीच्या विद्यापीठात संशोधकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, नवा वाण शेतापर्यंत यायला किती वर्षं लागतात, आणि आपल्या रुईचं सूत आपल्याच जिल्ह्यात किती कातलं जातं. हे प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं बीजिंगमध्ये शोधावी लागत नाहीत.

तुमच्या घरी नांदेड-४४ कुणी लावलं असेल तर त्यांना त्या दिवसांबद्दल विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.