एसटीला न दिसलेलं गाव

बुधवार, ३० जुलै २०१४. नारायणगावच्या एसटी स्टँडवर तुम्ही उभे आहात. उजाडलंय, पण उजेड नाही. टोमॅटो भरलेले पिकअप बाजाराकडे निघालेत. कालपासून पावसाने जोर धरलाय, तरी इथे त्याची चर्चा भावापुरतीच आहे: माल भिजला, आवक घटणार, आज कॅरेटला किती निघेल?

पुढे काय होणार हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, पण कोणाला सांगायची मुभा नाही. म्हणून तुम्ही पुण्याच्या रस्त्याने मंचरला येता आणि तिथून पश्चिमेला वळता. घोडेगाव जातं, शिनोली जाते, डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं. इथला पाऊस वेगळा आहे. सर येते नि जाते असं काही नाही, नुसतं ओततंय. भातखाचरं काठोकाठ भरलीत. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर काल एका दिवसात १०८ मिलिमीटर पाऊस झालाय. गावामागचा डोंगर उभा, त्यावर झिजलेल्या खडकाची जाड माती. ती पाणी पीत जाते, जड होते आणि एका क्षणी खालच्या कातळाला सोडून देते.

ते घडून गेलंय, आणि तालुक्याला अजून पत्ता नाही.

तुमच्या पुढे एक एसटी चालली आहे. चालकाला वळणं पाठ आहेत, घरंही पाठ आहेत. ठरल्या जागी गाव यायला हवं होतं. समोर चिखल आहे, उन्मळलेली झाडं आहेत. शाळेची इमारत तेवढी उभी आहे. तो गाडी मागे फिरवतो आणि सरकारी यंत्रणेपर्यंत निरोप पोचवतो. त्या दिवशीचा पहिला इशारा हाच.

आता घड्याळ थोडं पुढे घ्या, म्हणजे यंत्रणा जागी झालेली दिसेल. तिच्याकडे काही नव्हतं असं नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे करायला घेतले. २००५च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आलं. तळेगावजवळच्या सुदुंबऱ्यात एनडीआरएफची पाचवी बटालियन तळ देऊन आहे. एकदा निरोप मिळाल्यावर या सगळ्याला वेग येतो. बटालियनच्या तुकड्या निघतात. जिल्हाधिकारी सौरभ राव यांचं प्रशासन पोकलेन, जेसीबी, डंपर मागवतं. त्याच वर्षी सुरू झालेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिका अरुंद रस्त्यावर रांगेत उभ्या राहतात.

तुम्ही चिखलाच्या कडेला उभे राहून पाहा. पोकलेनचं बकेट खाली जातं, जवान हात वर करतो, मशीन थांबतं. मग फावडी, मग नुसते हात. कुठे खणायचं हे मशीनला कळत नाही. ते शेजारच्या वाड्यांतली माणसं दाखवतात. इथे अमक्याची ओसरी, इथे गोठा, इथे देऊळ. नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. पहिल्या दिवशी एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघतं, आणि कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांना अजून कोणीतरी निघेल असं वाटू लागतं. पुढचे दिवस मात्र मृतदेहांचे. पाऊस थांबत नाही, उकरलेला चिखल पुन्हा खाली येतो. दुसऱ्या दिवशी केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह येऊन पाहणी करतात. शोध थांबतो तेव्हा मृतांचा आकडा १५१ वर गेलेला असतो.

थोडं आणखी पुढे चला. २ एप्रिल २०१७, आमडे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नव्या माळीणचं लोकार्पण करताहेत. भूकंप सोसतील अशी घरं, शाळा, आखीव रस्ते. टाळ्या ऐकून लगेच निघू नका, जूनपर्यंत थांबा. पहिल्याच जोरदार पावसात नव्या गावातले रस्ते आणि भराव खचतात. घर बांधणं हे एक काम आणि डोंगराचं पाणी वाट काढून खाली नेणं हे दुसरं. घाईत दुसरं मागे राहतं.

शेवटची उडी: १९ जुलै २०२३ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. पुन्हा डोंगर, पुन्हा झोपलेली घरं. गाडीरस्ता नाही, म्हणून बचावपथकं अंधारात पायी चढताहेत. पोकलेन वर नेता येत नाही. माळीणनंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, सर्वेक्षणं झाली. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं.

यादी हवीच, पण डोंगर यादी वाचत नाही. जमिनीला गेलेली भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा, कललेलं झाड किंवा विजेचा खांब, नसलेल्या जागी फुटलेलं पाणी: या खुणा तिथे रोज वावरणाऱ्याला आधी दिसतात. गुराखी, आशाताई, पोस्टमन, दुधाच्या गाडीवरचा माणूस, एसटीचा चालक. यंत्रणेच्या आराखड्यात जवान, मशीन, रुग्णवाहिका यांचे रकाने असतात. या माणसांचाही एक हवा.

आता आजच्या नारायणगावात या. पावसाळ्यात जुन्नरला तालुक्याच्या तहसील कार्यालयात नियंत्रण कक्ष चालू असतो. तिथे जा आणि तीन प्रश्न विचारा. डोंगराकडच्या प्रत्येक वाडीतल्या कोणाचा फोन तुमच्याकडे आहे? रेंज नसेल तर निरोप कोण, कुठून आणणार? आणि पहाटे चार वाजता एखाद्या म्हातारीने ‘आमच्या मागं भेग पडलीय’ असं कळवलं, तर वाडी खाली करायचा हुकूम कोण देणार, आणि त्या माणसांनी रात्र काढायची कुठे? माळीणला धावून जाणारे हात पुष्कळ होते. या तिन्ही प्रश्नांना नाव, नंबर आणि जागा सांगता आली, तर त्या हातांना पुढच्या वेळी उकरायला न लागता माणसं हलवायला लागतील.