बीजगणित सर्वांस हवें काय?



वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें माझें गांव. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं येथें जें रक्त सांडलें, त्यामुळें हें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. आजचा माझा विषय मात्र निराळा आहे. मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं, परंतु सारें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें, आणि "गुरुजी, हा क्ष शेतांत कोठें उगवतो?" हा प्रश्न मीं पुष्कळदां ऐकला. प्रश्न उर्मट खरा, पण पोकळ नव्हे. बीजगणितांत अडून शाळा सुटलेलीं मुलें पुढें चतुर शेतकरी व व्यापारी झालेलीं मीं पाहिलीं आहेत. तेव्हां हा विषय सर्वांवर सक्तीचा असावा काय, हें इतिहासास विचारून पाहूं.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या ३६ व्या वर्षीं, म्हणजे ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत, आणि अज्ञातें अनेक असल्यास काळक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्यांचें एक उदाहरण असें: एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत, दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ति सारखी. तर घोड्याची किंमत काय? दोन्ही बाजूंचे ६ घोडे वजा केले, कर्ज पलीकडे नेलें, कीं ४ घोडे म्हणजे ४०० रुपये; एक घोडा १०० रुपयांचा. समीकरण म्हणजे यापरतें दुसरें कांहीं नाहीं.

पण त्याच ग्रंथांत असाही प्रश्न आहे, कीं कोणत्या वर्गाला ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्ग येईल? त्या वर्गाचें लहानांत लहान मूळ २२,६१,५३,९८० आहे. हाच प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६५७ सालीं युरोपांतील पंडितांना घातला. भास्कराचार्यांनीं तो चक्रवाल पद्धतीनें पांच शतकें आधींच सोडविला होता. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. तथापि ही विद्या घरोघर पोंचली होती असें मात्र कोणीं समजूं नये. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १९ व्या शतकांत उजेडांत आणला. तो मठ ज्योतिष्यांचा होता. गांवच्या पंतोजींच्या शाळेंत पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि मोडी हिशेब एवढेंच चाले.

बीजगणित शाळेंत रुजलें तें इंग्रजी अमदानींत. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें, १८५९ मध्यें पहिली प्रवेश-परीक्षा झाली, आणि मॅट्रिकच्या वाटेवर बीजगणित जकातनाक्यासारखें बसलें. नाका ओलांडणारांस पुढें नोकरी. अडलेल्यांस परत घरची वाट.

या व्यवस्थेस एक मोठा विरोध आमच्याच जिल्ह्यांत झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचा अभ्यासक्रम आंखला. गणिताचा हेतु, हस्तव्यवसाय व संसार यांतील हिशेब चटकन् सुटावे, हा. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, जमाखर्च हे विषय तींत होते; बीजगणितास निराळें स्थान नव्हतें.

पण चरख्यापाशींच बसून पाहा. ८४० वारांच्या जितक्या लडी एका पौंडांत बसतात, तो सुताचा अंक. आतां २० अंकाचें ४,२०० वार सूत काढावयाचें, तर कापूस किती लागेल? लडी ५, पौंडास लडी २०, अज्ञात वजनाला २० नें गुणिलें असतां ५ यावे, म्हणून पाव पौंड. पुढल्या दारानें बाहेर ठेवलेलें बीजगणित मागल्या दारानें घरांत आलेंच!

येथें एक कबुली देतों. माझा एक विद्यार्थी बीजगणितांत दोनदां नापास झाला आणि त्यानें शाळा सोडली. पुढें तो आठवडी बाजारांत शेळ्या विकतांना भेटला. भास्कराचार्यांच्या घोड्यांच्या मीं शेळ्या केल्या, रुपये शंभरपट केले, आणि तें उदाहरण त्यास घातलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, "दुसऱ्याजवळ ४ शेळ्या जास्त, पहिल्याजवळ ४० हजार जास्त, शेळी १० हजारांची." कागदावर समीकरण मांडून मीं त्यास दाखविलें, कीं तूं केलेंस तें हेंच. तो हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. हें उदाहरण मीं त्यास वर्गांत घालावयास हवें होतें. नापास तो झाला, परंतु चूक माझी होती.

२०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयांतही गणित ऐच्छिक करतां येईल काय, हा प्रश्न निघाला होता. म्हणजे वाद अद्याप मिटलेला नाहीं. माझें मत थोडक्यांत असें: एका अज्ञाताचें साधें समीकरण प्रत्येक मुलामुलीस यावें, कारण कर्ज, मजुरी व भाव यांत फसूं नये म्हणून तें लागतें. त्यापुढील भाग ज्यांस गोडी किंवा गरज असेल त्यांनीं घ्यावा. आणि केवळ त्यापायीं कोणाचें दार बंद होऊं नये. खरें बीज म्हणजे बुद्धि, अक्षरें हीं तिचीं साहाय्यकें, असा स्वतः भास्कराचार्यांचाच अभिप्राय आहे. आम्हीं शिक्षकांनीं अक्षरें घोकून घेतलीं आणि बीज पेरावयाचें विसरलों.