अश्वछायाचित्रण

अश्वछायाचित्रण : घोडा, स्वार आणि त्यांच्याशी निगडित शर्यती, क्रीडा, पैदास व समारंभ यांचे छायाचित्रण. व्यक्तिचित्रण, प्राणिचित्रण व क्रीडाचित्रण या तिन्ही शाखांचा त्यात संगम होतो. कॅमेऱ्याच्या तंत्राइतकेच घोड्याच्या चालीचे व स्वभावाचे ज्ञान या शाखेत आवश्यक असते. घोडा एकाच्या मालकीचा व चित्र दुसऱ्याने काढलेले, अशी स्थिती येथे बहुधा असल्यामुळे चित्रावर हक्क कोणाचा हा प्रश्नही तिच्या उगमापासूनच उपस्थित झालेला आहे.

भरधाव घोड्याच्या पायांची हालचाल मानवी डोळ्यास वेगळी करून पाहता येत नाही. पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेला, अधांतरी घोडा रंगविण्याचा प्रघात यूरोपीय चित्रकलेत त्यामुळे दीर्घकाळ टिकला. फ्रेंच चित्रकार झेरिको याचे एप्सम येथील शर्यतीचे चित्र (१८२१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या समजुतीस छेद दिला तो एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) या छायाचित्रकाराने. कॅलिफोर्नियातील उद्योगपती व अश्वशौकीन लीलंड स्टॅनफर्ड यांच्या आश्रयाने त्याने १८७२ मध्ये प्रयोगांस आरंभ केला. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील धावपट्टीच्या कडेला त्याने १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या धावण्याने सुटणाऱ्या झडपांच्या योगे एकापाठोपाठ एक अशी चित्रे टिपली. दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात हे त्यांवरून सिद्ध झाले. पण तो क्षण पाय ताणलेले असतानाचा नसून, ते पोटाखाली गोळा झालेले असतानाचा होता. स्टॅनफर्ड यांनी यासाठी मोठी पैज लावली होती, ही लोकप्रिय कथा पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

या प्रयोगांचा शेवट मात्र कटू झाला. १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते आणि त्याच्या चित्रांवरून केलेली रेखाटने त्यात छापली होती. मायब्रिजने न्यायालयात धाव घेतली. पण तेथे त्याला यश आले नाही. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या साहाय्याने त्याने ७८१ चित्रफलकांचा संग्रह १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनीही १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार करून प्राण्यांच्या गतीचा अभ्यास केला. चलच्चित्रपटाच्या पूर्वतयारीत या दोघांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

महाराष्ट्रात छायाचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण लवकर सुरू झाले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे या वर्गात तयार झालेले व पुढे मुंबईत व्यावसायिक म्हणून नाव मिळविलेले छायाचित्रकार होत. तथापि त्या काळी ओल्या काचपट्टीचे तंत्र प्रचलित होते. पट्टीवर लेप देणे, चित्र घेणे व ते विकसित करणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी उरकावी लागत आणि प्रकाशनास कित्येक सेकंद लागत. मुंबईत इराणी आखातातून अरबी घोड्यांची मोठी आयात होत असे. पण त्यांची चित्रे घ्यावयाची झाल्यास मोतद्दाराने लगाम धरून घोडा निश्चल उभा करणे भाग होते. घोड्याने मान वा शेपटी हलविली की चित्रात तेवढा भाग पुसट होई. जिलेटिनाच्या शुष्क पट्ट्या प्रचारात आल्यानंतर ही अडचण दूर झाली. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यासारख्या छायाचित्रकारांना संस्थानिकांचा आश्रय लाभला व दरबार, लष्करी कवायती, शिकार यांच्या चित्रांत घोड्याला मानाचे स्थान मिळाले.

शर्यतींमुळे या शाखेला नियमित बाजारपेठ मिळाली. मुंबईतील शर्यती प्रथम भायखळा येथे होत. १८८३ मध्ये महालक्ष्मी येथील मैदान सुरू झाले. मुंबईचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल व पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असल्याने छायाचित्रकाराला वर्षातील बहुतेक महिने काम मिळे. १९४३ पासून महालक्ष्मीवर भरणाऱ्या इंडियन डर्बीसारख्या शर्यतीनंतर विजयी घोड्याचा लगाम धरून मालक मैदानातून चालत येतो. त्या प्रसंगाचे चित्र मालक, प्रशिक्षक व स्वार यांच्या संग्रही असणे हा शिरस्ताच झाला आहे. निर्णायक छायाचित्र ही शर्यतींचीच दुसरी देणगी होय. यात कॅमेरा अंतिम रेषेवर रोखलेला असतो आणि अरुंद फटीमागून फिल्म सरकत राहते. त्यामुळे चित्रातील प्रत्येक घोडा रेषेवर पोहोचला त्या क्षणीचा दिसतो. अशा प्रकारे ते चित्र स्थळाचे नसून काळाचे असते. केवळ नाकाच्या अंतराने लागलेला निकाल व त्यावर अवलंबून असलेली मोठी रक्कम या चित्रावर ठरते.

शिक्षण : या शाखेचे ज्ञान आजही मुख्यतः अनुभवी व्यावसायिकाच्या हाताखाली व तबेल्यात वावरून मिळवावे लागते. ताशी सु. ६० किमी. वेगाने धावणारा घोडा १/६० सेकंदात सु. २८ सेंमी. व १/१,००० सेकंदात सु. १.७ सेंमी. पुढे जातो; पायांचा वेग याहूनही अधिक असतो. म्हणून दौड व उडी यांसाठी १/१,००० सेकंद किंवा त्याहून कमी अवधी निवडतात. क्षणाची निवड हा याहून कठीण भाग होय. दुडक्या चालीत कर्णरेषेतील पाय जोडीने उचलले जातात. ती जोडी पूर्ण ताणली असता चित्र डौलदार दिसते. अडथळ्यावरील उडीत पुढचे पाय दुमडून घोडा कमानीच्या माथ्यावर आलेला असावा लागतो. उभ्या घोड्याच्या चित्रात चारही पाय दिसावेत, कान पुढे टवकारलेले असावेत आणि कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर असावा. रुंद कोनाचे भिंग जवळून वापरल्यास डोके अवास्तव मोठे व मागील भाग लहान दिसतो; म्हणून दूरवरून लांब नाभ्यंतराचे भिंग वापरणे श्रेयस्कर ठरते. घोड्याला थेट मागचे व कपाळालगत समोरचे दिसत नाही. त्यामुळे त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने जावे लागते. क्षणदीप्तीचा वापर टाळणे हे स्वाराच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असते.

व्यवसाय : महालक्ष्मीखेरीज अश्वपैदास केंद्रे, अडथळा-उडीच्या स्पर्धा, पोलो व घोड्यांचे बाजार ही या व्यवसायाची प्रमुख क्षेत्रे होत. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत देशाच्या अनेक भागांतून घोडे येतात. तेथील गिऱ्हाईक रंग, उंची व चाल यांबरोबरच अंगावरील भोवरे आणि पंचकल्याणीसारखी लक्षणे पाहते. साहजिकच विक्रीच्या चित्रात ही लक्षणे स्पष्ट दिसावी लागतात. ती झाकणारे चित्र कितीही सुंदर असले, तरी व्यापाऱ्याच्या उपयोगाचे नसते. हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (२०२३) भारतीय संघाने अश्वारोहणातील ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या संघात मुंबईचा हृदय छेडा होता.

वसई-विरार परिसरात शर्यतीचे मैदान नाही. परंतु तेथून सु. ५० किमी. वरील महालक्ष्मी त्याच पश्चिम रेल्वेमार्गावर आहे. अशा उपनगरी शहरांतील छायाचित्रकाराचा चरितार्थ मुख्यतः लग्नकार्यांवर चालतो आणि वरातीतील घोडा हाच बहुधा त्याचा या विषयाशी पहिला परिचय असतो. वाद्यांच्या गजरात बिचकणाऱ्या घोड्याजवळ सावधपणे वावरण्याची सवय त्याला पुढेही उपयोगी पडते.

मायब्रिजच्या वाट्याला आलेला प्रश्न भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाने बऱ्याच अंशी सोडविला आहे. छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ती मानली जाते. तथापि मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले असल्यास, विरुद्ध करार नसेल तर, प्रतिलिप्यधिकाराचा पहिला मालक काम देणारा ठरतो. नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क साधारणतः मालकाकडे जातो. छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क त्याच्याकडे राहतो व त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याकडे गेला, तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार शाबूत असतो. काम स्वीकारण्यापूर्वी लेखी करार करणे म्हणूनच हिताचे असते.

अंकीय कॅमेऱ्यामुळे एका सेकंदात २० वा अधिक चित्रे घेणे शक्य झाले आहे आणि भ्रमणध्वनीमुळे प्रत्येक घोडेमालकाच्या हाती कॅमेरा आला आहे. त्यामुळे केवळ प्रती विकून चालणारा जुना व्यवसाय आक्रसला आहे. अनेक चित्रांतून घोड्याचा खरा डौल व खरे लक्षण दाखविणारे एक निवडण्याचे काम मात्र यंत्राने संपविलेले नाही. ती पारख घोड्याच्या सहवासातूनच येते व व्यावसायिकाची किंमतही तीवरच ठरते.