राइक्सम्युझियमची तीन किलोमीटरची वाटचाल

कुठल्याही जुन्या संस्थेची स्मरणिका उघडा. ‘सुरुवात भाड्याच्या दोन खोल्यांत झाली’ हे वाक्य पहिल्या पानावर हमखास सापडतं. नेदरलँड्सच्या राइक्सम्युझियमचीही गोष्ट तशीच आहे. फक्त खोल्या राजवाड्यातल्या होत्या. हे राष्ट्रीय संग्रहालय १८०० साली सुरू झालं आणि स्वतःसाठी बांधलेल्या इमारतीत गेलं १८८५ साली. मधली पंचाऐंशी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या वास्तूंत काढली. त्यातल्या ॲमस्टरडॅममधल्या वास्तू आजही उभ्या आहेत. डाम चौकातल्या राजवाड्यापासून निघून या वास्तूंवरून आजच्या संग्रहालयापर्यंत चालत गेलं, तर जेमतेम तीन किलोमीटर भरतात. वाटेत बरेच कालवे ओलांडावे लागतात.

सुरुवात मात्र ॲमस्टरडॅमची नाही, हेगची. फ्रेंच क्रांतीच्या लाटेत इथली जुनी राजवट कोसळली होती आणि नव्या बटाव्हियन प्रजासत्ताकाची तिजोरी रिकामी होती. पदच्युत घराण्याच्या वस्तू विकून टाकाव्यात, असा विचार जोरात असताना अर्थमंत्री इसाक गोगेल यांनी पॅरिसच्या लूव्रसारखं राष्ट्राचं कलादालन काढण्याचा आग्रह धरला. पैशाची चणचण असताना अर्थमंत्र्यानंच संग्रहालय मागावं, ही गोष्ट दुर्मीळच. ३१ मे १८०० रोजी हेगच्या हाउस तेन बॉस या प्रासादात दालन उघडलं. पहिली खरेदी यान आसेलाइनच्या चित्राची होती. अंड्यांवर चालून येणाऱ्या कुत्र्यावर पंख फुलवून धावणारा पांढराशुभ्र हंस. किंमत शंभर गिल्डर. पुढे कुणीतरी त्यावर राजकीय अर्थ चढवून अक्षरंही रंगवली, आणि तो हंस राष्ट्राचा रक्षक ठरला.

नेपोलियननं आपला भाऊ लुई याला हॉलंडच्या गादीवर बसवलं. लुईनं १८०८ साली राजधानी ॲमस्टरडॅमला हलवली आणि संग्रह बरोबर आणला. राहायला त्यानं निवडली डाम चौकातली नगरसभेची इमारत. याकोब व्हान कांपेननं आखलेली ही वास्तू चिखलात ठोकलेल्या १३,६५९ लाकडी खांबांवर उभी आहे. व्यापाऱ्यांनी आपल्या शहराच्या तोऱ्यासाठी बांधलेलं हे घर राजाला देऊन टाकावं लागलं. वरच्या मजल्यावर १८०९ मध्ये ‘रॉयल म्युझियम’ उघडलं. कॉर्नेलिस आपोस्टोल हे त्याचे संचालक.

या मुक्कामात संस्थेला तिचं भाग्य सापडलं. शहरानं आपली निवडक चित्रं राजाच्या संग्रहालयाला उसनी दिली. त्यात रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ होतं.

या चित्राचा प्रवास संग्रहालयाहून जुना आहे. कॅप्टन फ्रान्स बानिंक कॉक आणि त्याच्या बंदूकधारी नागरी पथकानं ते आपल्या सभागृहासाठी करवून घेतलं. १६४२ साली ते पुरं झालं. ते सभागृह आजच्या न्यूवे डूलेनस्ट्राटवर होतं. आता त्या जागी हॉटेल आहे. १७१५ साली चित्र दहा-बारा मिनिटांच्या अंतरावरच्या नगरसभेत नेलं. तिथली जागा दोन दारांच्या मधली. चित्र मोठं, भिंत छोटी. मग काय केलं? चित्र चारी बाजूंनी कापलं. डावीकडची पट्टी सर्वांत रुंद, सुमारे साठ सेंटिमीटर. तिच्याबरोबर माणसंही गेली. तुकडे पुन्हा कधी सापडले नाहीत. त्या कारभाऱ्यांना रानटी म्हणण्याचा मोह होतो, पण त्यांच्या लेखी ते भिंतीवरचं सामान होतं. चित्र ‘ठेवा’ व्हायला आधी संग्रहालय जन्मावं लागतं.

लुई गेला, मग नेपोलियनही गेला, आणि विलेम पहिला राजा झाला. १८१७ मध्ये संग्रहालयाचं बिऱ्हाड पुन्हा हललं, ते राजवाड्यापासून दहा मिनिटांवर, क्लोव्हेनिर्सबर्गवाल कालव्यावरच्या ट्रिपनहाउसमध्ये. लुई आणि हेंड्रिक ट्रिप या भावांसाठी युस्टुस व्हिंगबोन्सनं ते १६६० ते १६६२ या काळात बांधलं. बाहेरून एकच भव्य प्रासाद, आत दोन भावांची दोन घरं. धंदा शस्त्रांचा, म्हणून धुराडीसुद्धा उखळी तोफांच्या आकाराची. समोरच्या काठावर एक इतकं अरुंद घर आहे की ट्रिपांच्या गाडीवानासाठी उरल्यासुरल्या दगडांतून ते उभारलं, अशी दंतकथा पर्यटकांना आजही ऐकवतात.

इथे संग्रहालय अडुसष्ट वर्षं राहिलं, आणि हाल झाले. जागा राष्ट्राच्या विद्वत्सभेबरोबर वाटून घ्यायची, उजेड कमी, भिंती अपुऱ्या, आगीची धास्ती कायम. शिवाय राजाचं मन हेगकडे ओढलेलं. ट्रिपनहाउसपासून हाकेच्या अंतरावर, न्यूमार्केटमधल्या वाघ या जुन्या वेशीच्या इमारतीत शल्यचिकित्सकांचा संघ असे. त्यांच्यासाठी काढलेलं रेम्ब्रांटचं ‘डॉक्टर टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ विलेमनं १८२८ मध्ये विकत घेतलं आणि ते थेट हेगच्या माउरित्सहाउसला गेलं.

याच कालव्यावर, ट्रिपनहाउसहून दक्षिणेला वळणावर, ईस्ट इंडिया हाउस लागतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे मुख्यालय, आता विद्यापीठाकडे आहे. मराठी वाचकानं इथे थोडं थांबावं. वेंगुर्ल्याची डच वखार ज्या कंपनीची होती, तिची सूत्रं इथून हलत. गोव्याच्या पोर्तुगीजांना समुद्रावर कोंडून धरायला वेंगुर्लं सोयीचं होतं. ३० सप्टेंबर १६३९ रोजी डचांनी गोव्याच्या उपसागरात तीन पोर्तुगीज गलबतांवर केलेल्या हल्ल्याचं हेंड्रिक व्हान आंटोनिसननं काढलेलं चित्र राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंती पाहिलेल्या माणसाला ते पाहताना समुद्र ओळखीचा वाटेल.

ट्रिपनहाउसमधल्या दुरवस्थेला तोंड फोडलं ते व्हिक्टर द स्टूर्स यांनी. १८७३ मध्ये त्यांनी ‘द गिड्स’ या मासिकात देशाच्या कोत्या वृत्तीवर एक जळजळीत लेख लिहिला. एका लेखानं सरकार हललं असं म्हणणं फार सोपं होईल. पण नंतर स्टूर्स स्वतःच मंत्रालयात कलाविभाग सांभाळू लागले आणि मग फाइल हलली. नव्या इमारतीसाठीची १८६३ ची पहिली स्पर्धा फुकट गेली होती. १८७६ मध्ये पिएर कायपर्स यांचा आराखडा निवडला गेला आणि १३ जुलै १८८५ रोजी नवी इमारत उघडली.

कायपर्स कॅथलिक, देश प्रोटेस्टंट वळणाचा. मनोरे, रंगीत काचा, भित्तिचित्रं पाहून लोक म्हणाले, हे संग्रहालय की चर्च? राजा विलेम तिसरा यानं ‘त्या मठात’ पाऊल ठेवायला नकार दिला, असं सांगतात. गंमत म्हणजे शहराचं मध्यवर्ती रेल्वे स्थानकही कायपर्सचंच. दोन्ही इमारती बहिणी वाटतात. नगरपालिकेनं एक अट घातली होती. दक्षिणेकडे वाढणाऱ्या वस्तीचा रस्ता संग्रहालयाच्या पोटातून जाऊ द्यायचा. तो बोगदा आजही आहे.

पुढच्या काळात युद्धानं चित्रांना घराबाहेर काढलं. १९३९ साली युद्धाच्या छायेत ‘नाइट वॉच’ हलवलं गेलं. किल्ला, किनाऱ्याजवळचे बंकर आणि शेवटी मास्ट्रिक्टजवळच्या डोंगरातली भुयारं असा मुक्काम करून ते १९४५ मध्ये परतलं. इमारतीचा अपमान मात्र घरच्यांनीच केला. कायपर्सची भित्तिचित्रं पांढऱ्या रंगाखाली गेली, चौक भरून दालनं काढली.

ते सगळं उलगडायला २००३ च्या अखेरीस मुख्य इमारत बंद झाली. पाचेक वर्षांचं काम दहा वर्षं चाललं, खर्च ३७.५ कोटी युरो. सेव्हियाच्या क्रूस आणि ऑर्तिस या वास्तुविशारदांना बोगद्यातल्या रस्त्यातून भव्य प्रवेशद्वार काढायचं होतं. सायकलस्वारांच्या संघटनेनं विरोध केला आणि सायकलस्वार जिंकले. माझ्या मते हा निकाल इमारतीच्या भल्याचाच झाला. १३ एप्रिल २०१३ रोजी राणी बेआट्रिक्स यांनी दारं पुन्हा उघडली. सगळ्या संग्रहाची मांडणी बदलली होती. जुन्या जागी परत टांगलेलं चित्र एकच, ‘नाइट वॉच’.

आणि तेही संस्थेच्या मालकीचं नाही. १८०८ मधली उसनवारी फिटलेली नाही. चित्र आजही ॲमस्टरडॅम शहराचं आहे. रेम्ब्रांटचंच ‘द ज्यूइश ब्राइड’ आणि व्हर्मीरची निळ्या वेषातली पत्र वाचणारी बाई हीसुद्धा शहराचीच, बँकर आड्रियान व्हान देर होप यांच्या मृत्युपत्रातून आलेली. आशियाई दालनातला चोळकालीन नटराज आशियाई कलाप्रेमींच्या एका संस्थेनं १९३५ मध्ये घेतलेला. तोही इथे उसनाच. उलट जे आपलं म्हणून मिरवलं, ते परत करण्याची वेळ आली. १७६५ मध्ये डचांनी कँडीहून लुटून आणलेली नक्षीदार तोफ २०२३ साली श्रीलंकेला परत गेली.

ॲमस्टरडॅमला गेलात तर ट्राम पकडून थेट संग्रहालयाच्या दाराशी उतरू नका. न्यूवे डूलेनस्ट्राटवरून डाम, तिथून ट्रिपनहाउस आणि मग न्यूवे स्पीगेलस्ट्राटच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांवरून चालत या. वेळ उरला नाही तर निदान बोगद्यातून पलीकडे जाऊन या. त्याला तिकीट नाही, पण सायकलींपासून जपा.