डायल-अप जोडणी : दोष आणि निदान

दूरध्वनीच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडण्याची पद्धत म्हणजे डायल-अप. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा घरगुती ग्राहकांसाठी हाच मार्ग होता. पुढे बीएसएनएलच्या ‘संचारनेट’साठी १७२२३३ हा क्रमांक लावला जाई. दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वसलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांना दूरच्या आप्तांशी ई-मेलने जोडणारी तार हीच. जोडणी मध्येच तुटली, तरी लागलेल्या कॉलचे शुल्क पडे. म्हणून दोषाचे अचूक निदान खिशाशी निगडित होते.

कार्यपद्धती : मोडेम संगणकाच्या अंकीय संकेतांचे ध्वनिलहरींत आणि ध्वनिलहरींचे पुन्हा अंकीय संकेतांत रूपांतर करतो. त्याचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरण्यास सुमारे अडीच मिनिटे लागतात. वेग निम्म्यावर आला की पाच.

डायल टोन न मिळणे (त्रुटी ६८०) : प्रथम त्याच तारेला साधा फोन जोडून टोन ऐकावा. टोन नसल्यास दोष तारेत वा एक्स्चेंजमध्ये असतो. फोनवर टोन येत असूनही मोडेम तो ओळखत नसेल, तर ‘डायल टोनची वाट पाहा’ हा पर्याय बंद करावा. भारतीय एक्स्चेंजचा टोन परदेशी बनावटीच्या मोडेमला अनेकदा उमगत नसे.

क्रमांक व्यस्त (६७६) किंवा प्रतिसाद नाही (६७८) : क्रमांक तपासावा आणि गर्दीची वेळ टाळून पुन्हा प्रयत्न करावा.

प्रवेश नाकारला जाणे (६९१) : येथे तार आणि मोडेम निर्दोष असतात. वापरकर्ता-नाव, पासवर्ड आणि खात्याची मुदत पाहावी.

वारंवार तुटणे किंवा मंद वेग : समांतर जोडलेला दुसरा फोन कोणी उचलणे, कॉल वेटिंगचा संकेत येणे, पावसाळ्यात सांध्यांत ओल शिरणे ही नेहमीची कारणे. मोडेम मुख्य जोडणीला थेट लावून पाहावा. तेथे जोडणी टिकली, तर दोष घरातील तारांत आहे. तेथेही खरखर ऐकू आली, तर एक्स्चेंजकडे तक्रार नोंदवावी.

ब्रॉडबँडने डायल-अप मागे टाकले. अमेरिकेतील एओएलनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी ही सेवा थांबवली. तार, उपकरण आणि खाते असा निदानाचा क्रम मात्र आजच्या जोडणीलाही लागू पडतो.